गेनू हवालदारांची कंपनी

माल्याच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा माझी पहिली परीक्षा कुठल्या शाळा तपासनिसानं घेतली नाही, ती शेजारच्या हवालदारांनी घेतली. सामान अजून बैलगाडीतून उतरत होतं. वळकटी, पत्र्याची ट्रंक, स्टोव्ह, पुस्तकांचं एक गाठोडं. अंगणाच्या कडेला खाकी कोट घातलेला, उंच, काटक, चाळिशीतला एक माणूस हाताची घडी घालून उभा होता. रामराम नाही, कुठल्या गावच्या ही चौकशी नाही. ट्रंक खाली आली तसा म्हणाला,

"बाई, विंग्रजी येतंय?"

"येतं की. मॅट्रिकला होतं मला."

"मंग सांगा, कंपनी म्हंजी काय?"

"कंपनी म्हणजे चार जणांनी भांडवल घालून काढलेला धंदा."

"ह्यो झाला येक," असं म्हणून त्यानं उजव्या हाताची करंगळी मुडपली. "फुडं?"

"पुढे काय? एवढाच आहे."

त्यानं उरलेली चार बोटं माझ्यासमोर तशीच धरली. "लई ऱ्हायलंय अजून," म्हणाला, आणि माझी ट्रंक खांद्यावर टाकून माझ्या आधी खोलीत शिरला.

मला असा राग आला म्हणता! मी पुण्याची, वय बावीस, आणि आपल्याला येतं ते दुसऱ्याला येत नसणार अशी माझी पक्की समजूत. या माणसाशी बोलायचं नाही असं मी त्या दिवशी ठरवलं, आणि तिसऱ्या दिवशी स्टोव्हची पिन मागायला त्यांच्याच दारात जाऊन उभी राहिले. पुढे पाच वर्षं आमच्या दोन घरांमध्ये कुडाची एक भिंत तेवढी होती.

मुळशीत कंपनी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नसे. कंपनी म्हणजे धरण बांधणारी कंपनी. तिनं पाणी अडवलं, विजेच्या तारा मुंबईकडे गेल्या आणि वरच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. म्हाताऱ्या बायका कंपनीचं नाव घेताना आधी बोटं मोडायच्या. हवालदारांचं गाव त्यातच बुडालेलं. सात-आठ वर्षांच्या गेनूला हाताला धरून त्याची आई माल्याला भावाच्या आश्रयाला आली. पुढे तोच गेनू पलटणीत भरती झाला आणि घरी निरोप आला की पोरगा सुखरूप आहे, सी कंपनीत आहे. आईनं तो ऐकला आणि दोन दिवस चूल पेटवली नाही. ज्या कंपनीनं गाव खाल्लं तिलाच पोटचा पोर जाऊन मिळाला, असं त्या माउलीला वाटलं.

हे मला सरूवहिनींनी, म्हणजे हवालदारांच्या बायकोनं, पदरानं डोळे पुसत सांगितलं. हसून हसून पाणी आलं होतं. "रजंवर आलं तवा म्हातारीनं दारातच आडवलं. म्हनली, आदी कंपनी सोड, मंग आत पाय टाक. ह्यांनी भाईर बसून समजूत घातली. आये, ही बंदूकवाल्या मान्सांची कंपनी हाय, पान्याची न्हाई. तिला काय पटलं न्हाई बगा मरस्तवर."

दुसरं बोट मुडपलं गेलं ते असं. तिसऱ्यासाठी मला सहा महिने थांबावं लागलं.

हवालदारांचं बोलणं फार नव्हतं, पण सवयी अशा की माणूस घरात नसतानाही ओळखू यावा. भाकरी ताटात उपडी पडलेली त्यांना चालत नसे. कुणी तशी ठेवली तर बोलता बोलता हात पुढे करून ती सुलटी करत, पापुद्रा वर. जेवायला बसले की पहिल्यांदा भाकरीचे दोन तुकडे होणार. एक स्वतःला, दुसरा समोर असेल त्याला. समोर बायको असो, गवंडी असो, पोटभर जेवून आलेली मी असो. घ्यावाच लागे, निदान चतकोर. कुणीच नसलं तर ताट घेऊन ओट्यावर यायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याची वाट बघत बसायचे. कालवण गार व्हायचं. वहिनी आतून करवादायच्या. हवालदार म्हणत, "येकट्यानं खाल्लं तर त्ये राशन. भाकर न्हाई त्ये."

मी एकदा शनिवारी पुण्याला गेले होते, येताना बेकरीचा पाव आणला. म्हटलं, लढाईत विलायत बघून आलेला माणूस, खूश होईल. त्यांनी पाव हातात घेतला, दाबला, नाकाशी नेला आणि परत दिला. "ह्यो कापूस हाय, बाई. असुंताचा पाव बडवायच्या लाकडावानी असायचा."

"असुंता कोण?"

वहिनी चुलीपुढे होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "बसा आता. येळ लागंल."

आफ्रिकेच्या वाळूत हवालदारांची कंपनी पकडली गेली आणि सगळ्यांना बोटीनं इटलीला नेऊन तारेच्या कुंपणात ठेवलं. एके दिवशी पहारेकरीच पळून गेले. इटलीनं लढाई सोडली होती आणि जर्मन अजून पोचायचे होते. कैदी डोंगरांत पांगले. हवालदार तापानं फणफणले होते, मागे पडले. डोंगरावर एक दगडी घर होतं. तिथं असुंता नावाची पन्नाशीची विधवा, चार मेंढरं आणि अंगणात भट्टी. तिनं मेंढरांच्या गोठ्यावरच्या माळ्यात त्यांना लपवलं आणि सगळा हिवाळा सांभाळलं. पंधरा दिवसांनी एकदा ती पाव भाजायची, जात्याच्या तळीएवढे. पाव छातीशी धरायची, सुरी आपल्याकडे ओढत कापायची, आणि पहिला अर्धा तुकडा माळ्यावर पोचवायची. आधी गेनूचा, मग तिचा.

"येकदा शेजारनीनं बगितलं मला. इचारलं, ह्यो कोन गं? असुंता म्हनली, कोंपान्यो. म्या ऐकलं, कंपनी! मला वाटलं, कंची कंपनी त्ये इचारतीया. टाच जुळवली आन् म्हनलं, सी कंपनी!"

असुंता हसून खाली बसली म्हणे. मग तिनं पावाचा तुकडा उचलला, दोघांच्या मध्ये धरला आणि सावकाश, शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. 'कोन' म्हणजे त्यांच्या बोलीत संगं. 'पाने' म्हणजे पाव. संगं पाव खाणारा तो कोंपान्यो.

हवालदारांनी तिसरं बोट मुडपलं. मी हसले. म्हटलं, अडाणी बाई, तिनं आपलं काहीतरी जुळवून सांगितलं असेल. पुढच्या सुट्टीत पुण्याच्या वाचनालयातला जाडा कोश काढून बघितला. बाईचं खरं होतं. लॅटिनातली 'संगत' आणि लॅटिनातला 'पाव' मिळून तो शब्द झाला होता आणि सगळ्या युरोपभर पसरला होता. आपला पावसुद्धा त्याच घराण्यातला, पोर्तुगीजांच्या हातून आलेला. एकीकडे माझं मॅट्रिकचं इंग्रजी, दुसरीकडे डोंगरावरच्या मेंढपाळणीचं ज्ञान. परत आल्यावर मी मुकाट्यानं कबूल केलं. हवालदारांना त्याचं काहीच वाटलं नाही. "तिनं सांगितलं व्हतं की," एवढंच म्हणाले.

त्या शब्दाची पुढची वाटचाल मात्र मला त्यांच्याकडूनच कळली. कुठल्याही कोशात ती तशी नाही. इटलीत रानात लपलेली बंदूकवाली पोरं एकमेकांना कोंपान्यो म्हणत, तेव्हा त्यात पावही होता आणि शपथही. पुढे जर्मनांनी पुन्हा पकडून जर्मनीच्या छावणीत नेलं, तिथं 'कोंपानी' म्हणजे पुन्हा शिपायांची रांग, तीसुद्धा ओरडून. एक पहारेकरी कुणाला शिवी द्यायची झाली की 'कुंपान' म्हणायचा, म्हणजे चोराचा भागीदार. पण त्याच छावणीत एक म्हातारा पहारेकरी होता, आयुष्य कोळशाच्या खाणीत काढलेला. तो हवालदारांना हळूच 'कुंपल' म्हणायचा. जमिनीखाली जो आपल्या शेजारी खणतो, तो कुंपल. "येकाच आईची लेकरं, बाई," हवालदार म्हणत. "येक बिगाडलं, येक चांगलं निगालं." मग लढाईच्या शेवटी सुटका झाल्यावर फ्रान्स. तिथं शाळकरी पोरं दोस्ताला 'कोपां' म्हणायची, आणि एका म्हाताऱ्यानं आपल्या बायकोकडे बोट दाखवून सांगितलं, ही माझी 'कोंपान्य'. इथं हवालदार वहिनींकडे बघून मिशीत हसायचे. वहिनी म्हणायच्या, "बगा, मला कंपनी केलीया. म्हातारी आसती तर मला बी दारात आडवलं आसतं."

परतीच्या बोटीवर एका इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांच्याशी दोन तास गप्पा मारल्या आणि जाताना कंपनीबद्दल आभार मानले. कसली कंपनी, हे हवालदारांना मुंबई येईपर्यंत उलगडलं नाही. नुसतं शेजारी बसणं हीसुद्धा कंपनी! याचं त्यांना फार अप्रूप होतं. धरणावरच्या बंगल्यात एक गोव्याचा खानसामा होता. त्यालाही त्यांनी गाठून विचारलं. त्यानं पोर्तुगीजांचा 'कोंपान्येरो' दिला, म्हणजे सोबती. अशी बोटं संपून दुसऱ्या हातावर मोजणी गेली.

लोकांना ही सगळी गंमत वाटे. मलाही वाटे. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र गंमत थांबायची.

त्या दोन दिवशी पोस्टमन सायकलवर यायचा. हवालदार कोटाची बटणं लावून, पागोटं नीट बसवून वाटेच्या तोंडाशी उभे राहत. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा. ते परत यायचे आणि कोट खुंटीला लावायचे. गावातली टवाळ मंडळी विचारत, "काय हवालदार, मडमीचं पत्तार आलं का?" पेन्शनीची वाट बघतात असं मी धरून चालले होते. वहिनींनी खरं काय ते सांगितलं.

असुंताकडे असताना पुन्हा पकडले गेले त्या दिवशीची गोष्ट. हवालदार माळ्यावर होते. खालच्या रस्त्यावर जर्मन शिपायांची गाडी थांबलेली दिसली. घरात कैदी सापडला तर घर जाळायचे, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक होतं. हवालदार मागच्या घळीत उतरले, धावत धावत घरापासून पार लांब, डोंगराला वळसा घालून रस्त्यावर आले आणि हात वर करून उभे राहिले. मार खाल्ला. कुणी खायला घातलं, याला उत्तर दिलं, चोरून खाल्लं. त्यांना गाडीत घातलं, पण काही शिपाई डोंगर चढतच राहिले. गाडी वळणावर आली तेव्हा वरून धूर निघताना दिसला. असुंताच्या घराच्या बाजूनं.

"त्या दिशी पाव भाजायचा दिस व्हता," वहिनी म्हणाल्या. "धूर भट्टीचा का घराचा, त्ये ह्यांना कळलं न्हाई. पंदरा वरसं झाली. झोपंत बी त्येच इचारत्यात."

"मग पत्र लिहायचं ना तिला!"

"कुटं लिवनार? तिनं गावाचं नाव सांगितलंच न्हाई. म्हनली, ठावंच नसलं तर मार खाऊन बी तोंडातनं जानार न्हाई. ह्यांनी आपलं दिलं व्हतं लिवून. तिनं त्ये देवाच्या तसबिरीमागं ठिवलं. आता लिवलं तर तिनंच." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तिनं जगवलं म्हनून माजं कुंकू हाय, बाई. येक डाव कळाय पायजे, की बाई हाय का आमच्यापायी गेली."

त्या दिवसापासून मंगळवार-शुक्रवार मलाही सुटले नाहीत. फळ्यावर लिहिता लिहिता कान सायकलच्या घंटीकडे असायचे.

चौथ्या वर्षी हिवाळ्यात शाळेची सहल धरणाच्या पाण्यावर नेली. वाटाड्या म्हणून हवालदार बरोबर होते. पोरं काठाला शिंपले गोळा करत होती. पाणी तुडुंब होतं, निळं, समोरच्या डोंगरापर्यंत पसरलेलं. आम्ही दोघं एका खडकावर बसलो होतो. इतक्या वर्षांत कुणीच न विचारलेला प्रश्न मला तेव्हा सुचला. आम्ही सगळे पत्र आलं का एवढंच विचारत आलो होतो.

"हवालदार, तिला पत्ता काय लिहून दिला होता तुम्ही?"

त्यांनी पाठ म्हटल्यासारखा सांगितला. पलटणीत रोमन अक्षरं शिकले होते, त्यात लिहिलेला. "गेनू रामा. उंबरटेक. मुळशी. पूना. इंडिया."

"उंबरटेक? ते कुठे आलं?"

त्यांनी हात लांब करून पाण्याकडे बोट दाखवलं. "त्ये काय. त्यो सुळका दिसतुया न्हवं, त्येच्या आल्याड. बोट जातीया तितं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला काय म्हणायचंय ते त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. "अहो, पण तुम्ही राहता माल्याला! माले का नाही लिहिलं?"

"माल्यात मी पाव्हना, बाई. मामाच्या गावात." ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तिनं गाव इचारलं. पत्ता कुटं इचारला?"

त्या खोऱ्यातली रीतच तशी. बुडालेल्या गावची माणसं तीस-तीस वर्षं दुसरीकडे नांदली तरी गाव विचारलं की बुडालेलंच सांगत. लग्नात पानसुपारीचा मान पुकारताना भालदार उंबरटेककर मंडळी म्हणूनच पुकारायचा आणि पाच-सहा पागोटी उठून उभी राहायची. मीही ते ऐकलेलं होतं. ते कुठलं तरी लांबचं गाव असेल असं मला वाटलं होतं.

मग हळूहळू हवालदारांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पाण्यातल्या गावी पत्र पोचणार कसं, हे त्यांना कळलं होतं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी त्यांना घेऊन आमच्या भागाच्या टपालकचेरीत गेले. पोस्टमास्तर जुने, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, प्रत्येक कागद दोनदा वाचणारे. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा काढला.

"इटलीची तिकिटं," ते म्हणाले. "स्वराज्य मिळालं त्या सुमाराला. मी नुकताच आलो होतो इथे. दोन पाकिटं. वर्षभराच्या अंतरानं, एकाच हातचं अक्षर. शोधलं हो मी. यादी पाहिली, तलाठ्याला विचारलं. ते म्हणाले, गाव पाण्यात, माणसं दहा ठिकाणी. गेनू रामा नावाचे निदान चार सापडले असते. दोन्ही वेळा 'गाव अस्तित्वात नाही' असं लिहून परत केली. दुसरं काय करणार?"

"पाठवणाऱ्याचा पत्ता?"

"पाकिटावर होता. पाकिटाबरोबर गेला."

मी हवालदारांकडे बघायचं टाळत होते. बघितलं तर ते हसत होते. दात दिसेपर्यंत. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"दोनदा लिवलं? लढाई सपल्यावर?" त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "तसबिरीमागचा कागूद जळला न्हाई! म्हंजी धूर भट्टीचा व्हता, बाई! भट्टीचाच व्हता!"

पोस्टमास्तरांना काही कळलं नाही. मला रडू आवरेना आणि हवालदार मला समजावत होते, अशी तऱ्हा. सरूवहिनींना कधी एकदा सांगते असं मला झालं होतं.

पण कचेरीच्या पायऱ्या उतरताना ते मध्येच थांबले. तिसऱ्या पायरीवर. हसू गेलं होतं.

"बाई, दोन्ही बारीला कागूद माघारी गेला. त्येच्यावर लिवून, की असं गाव न्हाई."

"हो."

"मंग तिला काय वाटलं आसंल?" त्यांनी विचारलं. "तिचा अर्धा पाव खाल्ला म्या सा म्हैनं. आन् तिला वाटलं आसंल, त्यानं खोटं गाव सांगितलं."

ते वळले आणि परत आत गेले. मी मागोमाग. पोस्टमास्तरांपुढे उभे राहून, टाच जुळवून म्हणाले, "सायेब, यादीत उंबरटेक लिवा."

"अहो, माणसं राहत नाहीत ते गाव कसं लिहू यादीत?"

"मान्सं हायेत की, सायेब. गाव न्हाई."

पोस्टमास्तरांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग त्यांनी माल्याच्या वाटपाची वही काढली आणि खालच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'उंबरटेक: माले येथे, हवालदार.' "पेन्सिलनं लिहितोय," ते म्हणाले. "वरून कुणी तपासायला आलं तर खोडावं लागेल." हवालदारांना रोमन अक्षरं तेवढी येत, हे मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी मला वाचायला लावलं, दोनदा.

त्यानंतरचे मंगळवार-शुक्रवार जास्त कठीण गेले. पूर्वी ते एका बातमीची वाट बघत होते, आता एका बाईचा गैरसमज दूर व्हायची. आणि तो दूर करायला तिनंच पुन्हा लिहायला हवं होतं. ज्या बाईची दोन पत्रं फिरून आली ती तिसरं लिहील का, हा हिशेब मी मनात करायची आणि सोडून द्यायची. हवालदार तो करत होते की नाही, देव जाणे. ओट्यावर बसून हातावर शब्द मोजायचं त्यांनी बंद केलं. मी मुद्दाम विचारलं तरी म्हणत, "झालं की सगळं सांगून."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. पार दुसऱ्या टोकाला, शिरूरच्या बाजूला. नव्या गावात माझी कुणाशी ओळख नव्हती. जेवायला एकटी बसले की घास उतरत नसे, आणि त्या घराची इतकी आठवण यायची की भाकरी तशीच झाकून ठेवायची. एका रविवारी एक कार्ड घेतलं. पत्त्याच्या बाजूला ठसठशीत लिहिलं: गेनू रामा, मु. उंबरटेक, ता. मुळशी, जि. पुणे. माले हा शब्द लिहिला नाही. मागच्या बाजूला मन लावून मजकूर लिहिला, नव्या शाळेचा, तब्येतीचा, वहिनींच्या हातच्या कालवणाचा. कार्ड पेटीत टाकलं आणि टाकल्याबरोबर भीती वाटली, की हेही शिक्का मारून परत आलं तर काय?

परत आलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी माल्याला गेले. वहिनींनी मला बघून दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडकड बोटं मोडली. भिंतीवर आरशाच्या चौकटीत माझं कार्ड खोचलेलं होतं. पत्त्याची बाजू पुढे, मजकूर भिंतीकडे.

"पोचलं?" मी विचारलं.

"अख्ख्या गावाला दावलं," वहिनी म्हणाल्या. "पोस्टमन हाळी देत आला, उंबरटेकचं टपाल, उंबरटेकचं टपाल! चौघीजनी रडल्या हितं वाटंवर."

"आणि मागचं वाचलं का कुणाकडून?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "मागं बी काय लिवलंय व्हय?" हवालदार म्हणाले. जरासे ओशाळले. चौकटीतलं कार्ड काढून मला वाचून घ्यावं असं काही त्यांना वाटलं नाही. नखानं त्याची कड सरळ केली आणि ते तसंच राहू दिलं.

मी दोन दिवस राहिले. असुंताचं नाव कुणी काढलं नाही. त्यांच्या दाढीचे खुंट पांढरे झाले होते आणि कोट खांद्यांवर मोठा वाटत होता. मला सारखं वाटत होतं की आपण चांगलं केलं का वाईट, या माणसाला पुन्हा आस लावली का.

निघायच्या दिवशी ते मला एस.टी.ला सोडायला आले. माझी पिशवी त्यांच्याच खांद्यावर. गाडी आली, मी खिडकीपाशी जागा धरली. त्यांनी खालून खिडकीचा गज धरला.

"बाई, तसलं अजून येक टाका."

"टाकीन की."

"येक न्हाई. मदीमदी टाकत जावा. पोस्टमन बदालत्यात. नवा आला, वर्सभर कायच आलं न्हाई, तर उंबरटेक कुटलं त्येला? आन् नेमकं तवाच तिचं आलं तर?" ते खालच्या आवाजात, गाडीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये असं बोलत होते. "गाव चालू ऱ्हायला पायजे."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पण दर वेळी मजकूर काय लिहू मी?"

कंडक्टरनं घंटी दिली. हवालदार गाडीबरोबर चार पावलं चालत आले, हात अजून गजावरच.

"काय बी लिवा," ते म्हणाले. "कोरं टाकलं तरी चालंल. निस्तं गावाचं नाव नीट लिवा."